ताबा कोणाकडे आहे?
बँकेने कर्ज थकल्याने ताब्यात घेतलेला फ्लॅट लिलावात स्वस्त मिळतो, एवढंच कानावर येतं; त्यातले धोके कोणी सांगत नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे की अशा वेळी खरेदीदाराने स्वतःचा एजंट नेमावा आणि त्याची दलाली स्वतः द्यावी. नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहून बँक मोकळी होते. २००२ च्या सरफेसी कायद्याखालचा ताबा अनेकदा प्रतीकात्मकच असतो: दारावर नोटीस, आत मात्र कर्जदाराचं कुटुंब. मग कलम १४ नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहायची, आणि तोवर तुमचे हप्ते सुरू. चांगला एजंट आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठतो, थकलेला मेंटेनन्स, घरपट्टी, वीजबिल विचारतो, संध्याकाळी जाऊन घरात दिवा लागतो का तेही बघून येतो. कागदपत्रं मात्र वकिलालाच दाखवा. आणि गृहकर्जाची मंजुरी लिलावाआधीच हातात हवी: बोली लागली की त्याच किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, मुदत वाढवून मिळाली तर ठीक, नाहीतर भरलेली रक्कमही जप्त होते.