दोन हद्दींमधील दहिसर

बोरिवली ते विरार या टापूत रेल्वेची पाचवी व सहावी मार्गिका टाकण्याची योजना मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात मंजूर झालेली आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली म्हणजे उपनगरी गाड्यांना मोकळीक मिळेल व वेळापत्रक नव्याने आखावे लागेल. दहिसर स्थानकाचा विचार व्हावयाचा तो याच वेळी झाला पाहिजे. रूळ पडल्यानंतरच्या तक्रारी दप्तरी दाखल होतात, यापलीकडे त्यांचे काही होत नाही.

दहिसरचे दुखणे दोन हद्दींच्या विसंगतीचे आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली, तेव्हा तिच्या थांब्यांत बोरिवली होते, दहिसर नव्हते. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने १९२८ साली विजेच्या गाड्या नेल्या त्याही बोरिवलीपर्यंतच. विरारला वीज पोहोचावयास १९३६ साल उजाडले. रेल्वेच्या हिशेबात बोरिवली हे टोक ठरून गेले ते असे. उलट १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढली ती दहिसरपर्यंत. महानगरपालिकेच्या नकाशात जे मुंबईचे शेवटचे स्थानक, तेच रेल्वेच्या लेखी बोरिवलीपलीकडचे पहिले!

याचे फळ रोज सकाळी फलाटावर दिसते. विरार, वसई, भाईंदर येथे भरून आलेल्या गाडीत दहिसरकराला पाय ठेवावयास जागा नसते. जागा असते ती बोरिवलीहून सुटणाऱ्या गाडीत, पण ती येथे येतच नाही. मग पुष्कळ जण आधी बोरिवली गाठतात आणि तेथील गर्दीत भर पडते. यात विरारकरांना दोष देणे अन्यायाचे होईल. घरांच्या किमतींनी त्यांना तितके दूर लोटले आहे.

मेट्रोच्या चालकांनी दहिसरचे महत्त्व ओळखले. २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या दोन्ही मार्गांचा आरंभ त्यांनी दहिसर पूर्वेस केला. पण ते स्थानक रेल्वेला लागून नाही. एका शहरातील दोन सोयी एकमेकींना अशा अनोळखी राहाव्यात, हे नियोजन नव्हे.

आमचे म्हणणे इतकेच की, बोरिवलीहून सुटणाऱ्या काही गाड्या गर्दीच्या वेळी दहिसरहून सोडता येतील काय, हे रेल्वेने तपासावे. त्यासाठी गाडी परत फिरविण्याची व्यवस्था लागणार असेल तर तिची जागा आताच राखावी. पादचारी पूल व जिने उद्याची गर्दी धरून बांधावेत. गर्दीपुढे पूल अपुरा पडला की काय होते, हे २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २३ जीव गमावून मुंबईने पाहिले आहे. आणि स्थानकाबाहेरचा रस्ता, पदपथ व मेट्रोपर्यंतची वाट ही महापालिकेने आपली जबाबदारी मानावी.

हद्दी कारभाराच्या सोयीसाठी आखलेल्या असतात. त्यांचा भार प्रवाशाने रोज का वाहावा, याचे उत्तर रेल्वे व महापालिका या दोघांनीही देणे आहे.