वर्गशिक्षकाला समुपदेशक करू नका

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ आपल्या राज्यातले होते; इतका मोठा आकडा दुसऱ्या कोणत्याही राज्याचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक नेमावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. प्रशिक्षण स्वस्त आणि नेमणूक महाग, त्यामुळे प्रशिक्षणावरच भागवले जाईल, अशी मला भीती वाटते. तसे होऊ नये म्हणून हे पत्र.

युरोपातल्या दहा देशांतील १६८ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात काही शाळांत शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवले, तर काही शाळांत थेट मुलांशीच मानसिक आरोग्यावर चर्चा आणि नाट्यप्रसंग घेतले. वर्षभराने मुलांसोबत काम झालेल्या शाळांत आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाने लक्षणीय फरक पडला नव्हता. युरोप लांबचा वाटत असेल तर बिहार पाहा. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या, पदवीने मानसतज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीने. त्यात आत्महत्या मोजल्या नव्हत्या. पण स्वतंत्र व्यक्ती होती तिथे मुलांमधले नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक निरुपयोगी, असा मुळीच नाही. माझ्या मते अडचण भूमिकेची आहे. जो गुण देतो आणि पालकांना बोलावून घेतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळे करेल ही अपेक्षाच जड आहे. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदारयादी हे सगळे त्याच्याच डोक्यावर. पण वर्गशिक्षकाला जे दिसते ते समुपदेशकाला कधीच दिसणार नाही: हजेरीपटावर अचानक वाढलेले खाडे, निबंधाच्या वहीत मध्येच आलेले ‘मी नसले तर बरे’ असे वाक्य, जिवापाड जपलेली कंपासपेटी मैत्रिणीला देऊन टाकणारी मुलगी. त्याचे काम नेमके आणि मर्यादित असावे. हे टिपायचे, मुलाला बाजूला घेऊन शांतपणे विचारायचे, धोका जाणवला तर एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी योग्य माणसाच्या हवाली करायचे. आणि हो, भर वर्गात गुण वाचून किंवा थकलेल्या फीचा उल्लेख करून कुणाला खाली पाहायला लावायचे नाही. यासाठी तर प्रशिक्षणाचीही गरज नाही.

यावर पहिला आक्षेप असा: आत्महत्येबद्दल विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, असे अनेक शिक्षकांना मनापासून वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात असा प्रश्न विचारल्याने मुलांची अस्वस्थता वाढलेली आढळली नाही. दुसरा आक्षेप पैशांचा. जिल्हा परिषदेच्या वीस-पंचवीस पटाच्या शाळेत स्वतंत्र समुपदेशक परवडणार नाही, हे मान्य. मग आसपासच्या शाळांच्या एका केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून एक माणूस द्या. तो महागडा तज्ज्ञच हवा असे नाही, हे नालंदाने दाखवले आहे. त्याच्यामागे तज्ज्ञाची देखरेख मात्र हवी. तिसरी गोष्ट शिक्षक खासगीत बोलतात: विचारपूस केली आणि उद्या काही घडले तर आपल्यालाच जबाबदार धरतील. ही भीती खरी आहे आणि ती उपदेशाने जाणार नाही. सद्भावनेने विचारपूस करून वेळेवर कळवणाऱ्या शिक्षकावर विभागीय कारवाई होणार नाही, असे लेखी द्यावे लागेल.

म्हणून जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एक शासन निर्णय काढा. त्यात केंद्रनिहाय नेमणुकीची मुदत असावी, शिक्षकाला कारवाईपासून हे संरक्षण असावे, वर्गशिक्षकाची अशैक्षणिक कामे कमी व्हावीत आणि मुलाला कुणाच्या हवाली करायचे त्या व्यक्तीचे नाव व फोन नंबर प्रत्येक शाळेत लावलेला असावा. त्याखाली ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबरही द्यावा, तो अहोरात्र चालू असतो आणि शिक्षकालाही तिथे सल्ला मागता येतो.

आपला,
एक नागरिक