दर्यावाटेच्या पुस्तकाचा कैवार

समुद्र पुस्तकातून शिकता येत नाही, तो तांडेलाच्या शेजारी बसूनच शिकावा, आणि कयाकसारख्या दीड हात रुंदीच्या नावेतून जाणाऱ्याने किनाऱ्याची वाट आधीच वाचून ठेवली तर साहसाचे तेजच हरपते, असा आक्षेप मार्गदर्शिकांवर मोठ्या अभिनिवेशाने घेतला जातो. त्यातील पूर्वार्धाशी माझा विरोध नाही. उलटलेली नाव सावरण्याचे कौशल्य कोणत्याही ग्रंथाने अंगी येत नाही. परंतु उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतील भेद, दुपारी चढणारा खारा वारा, ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटा, हे ज्ञान मालवण-अलिबागच्या मुलास वडिलोपार्जित वतनासारखे मिळते. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, पुसद, उमरखेडच्या मुलाने ते कोणाकडून घ्यावे? आमच्या पैनगंगेचे पाणी जुगादजवळ वर्धेस मिळून प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने समुद्रास पोचते खरे, पण भरती म्हणजे काय हे तिच्या काठी राहून कळत नाही.

त्याच जलमार्गाने वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्यास न्यावा, असा उद्योग इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात आरंभिला, तेव्हा हेग नावाच्या लष्करी अभियंत्याने प्रथम गोदावरी नदीच्या नौवहनयोग्यतेचा अहवाल सिद्ध केला. पुढे १८६७ साली रेल्वे नागपुरास पोचली, १८७१ साली नदीवरील काम बंद पडले. पण मार्गातील खडकाळ अडथळे आधी कागदावर आले म्हणून त्या कामातील पराक्रम उणावला, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कागदी ज्ञान दुय्यम, हा दुसरा दावा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आणि नौदलाच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे डेहराडूनला, म्हणजे समुद्रापासून शेकडो कोस दूर, तयार होतात, आणि त्यांवर कप्तान जहाजे हाकारतात. मात्र हे साहित्य मोठ्या जहाजांसाठी आहे. कोणत्या पुळणीवर लाटांतून उतरता येते, कोणत्या कड्याखाली कोसभर आसरा नाही, डोल जाळ्यांचे खुंट कोठे आहेत, गोडे पाणी कोठे मिळते, हे कयाकस्वाराचे प्रश्न त्यांत कोणी विचारलेलेच नाहीत.

राहिला पुस्तक जुने होण्याचा मुद्दा. दर पावसाळ्यात वाळू सरकते, हे खरे; म्हणूनच प्रत्येक नोंदीखाली ती कोणी, केव्हा, किती भरतीवर केली हे छापावे आणि आवृत्ती वेळोवेळी सुधारावी. चुकीच्या नोंदीवर उपाय दुरुस्ती हा आहे, नोंदच नसणे हा नव्हे. आणि ज्या साहसासाठी हा आग्रह, ते उतरण्याची जागा ठाऊक झाल्याने घटत नाही. वारा आणि लाट तितकीच राहते, फक्त अंधार पडण्यापूर्वी कोठे पोचायचे याचा निर्णय शुद्धीवर राहून घेता येतो.

डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या किनाऱ्याची अशी मराठी पुस्तिका हवी, आणि आक्षेपकांना ज्या तांडेलांचा अभिमान वाटतो त्यांनीच ती सांगावी, त्यांच्या नावानिशी ती छापली जावी, त्यांना तिचा योग्य मोबदला मिळावा, आणि पावसाळा सरून समुद्र निवळण्यापूर्वी तिच्या प्रती यवतमाळच्या तालुक्यांतील वाचनालयांत दाखल व्हाव्यात.