बाळंतिणीचें मन

गेल्या रोवणीच्या दिवसांत सिहोऱ्याहून आम्हांस एक पत्र आलें. लिहिणाऱ्या भगिनी एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई. त्यांच्या धाकट्या जावेला पहिलें मूल होऊन तीन महिने झाले होते. सव्वा महिना माहेरीं राहून ती परत आली, तेव्हांपासून तिचें चित्त ठिकाणावर नव्हतें. बाळ शांत निजलें तरी ही पहाटे तीनपासून जागी. पानावर बसे आणि दोन घांसांनीं उठे. मूल रडूं लागलें कीं भिंतीकडे तोंड करी. सासूबाई म्हणत, "आम्ही पांच पांच बाळंतपणें काढलीं, असले चोचले कोणीं केले नाहींत." आत्याबाईंनीं दृष्ट काढली. मामंजींनीं चांदपूरच्या मारुतीला नवस केला. आणि एके दिवशीं स्वयंपाकघरांत वरणाला फोडणी देतां देतां ती हलकेंच म्हणाली, "वहिनी, मी नसतें तर हें बाळ सुखांत वाढलें असतें."

पुढें बाई लिहितात, "नागपुरास नेलें तर गांवांत बोभाटा होईल. वन्संचें लग्न अजून व्हावयाचें आहे. म्हणून घरांत सारे गप्प आहेत. मी काय करावें?"

आम्हीं हें पत्र पुढील अंकासाठीं राखून ठेविलें नाहीं. उत्तर त्याच दिवशीं धाडलें. आज तें येथें देतों तें दोघी जावांच्या संमतीनें. गांवाचें नांव राहूं द्यावें, असें धाकटीनेंच कळविलें आहे.

उत्तरांत पहिली गोष्ट लिहिली ती त्या शेवटच्या वाक्याविषयीं. असें वाक्य कानावर पडलें कीं तें फोडणीच्या धुरांत विरूं देऊं नये. तिला एकांतीं जवळ बसवून सरळ विचारावें, "तुझ्या मनांत जीव देण्याचे विचार येतात का?" विचारल्यानें भलतीच कल्पना डोक्यांत शिरेल, ही भीति खोटी आहे, उलट विचारणारें कोणी भेटलें म्हणजे त्या जिवाचा भार हलका होतो. बाळंतिणीच्या मनाची चौकशी करण्यासाठीं एडिंबरो येथें १९८७ सालीं दहा प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध झाली. तिचा दहावा प्रश्न हाच आहे. उत्तर 'होय' आलें तर तिला एकटें ठेवूं नये, औषधें व कीटकनाशकें कुलुपांत घालावींत, आणि वैद्यकीय मदतीस त्याच दिवशीं जावें.

आतां 'चोचल्यां'विषयीं. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडूं येणें, जीव घाबरणें, हें पुष्कळ बाळंतिणींना होतें व दोन आठवड्यांत आपोआप निवळतें. त्यापलीकडे तें टिकलें, झोंप आणि भूक नाहींशी झाली, मुलाविषयीं ओढ वाटेनाशी झाली, कीं तो आजार समजावा. भारतांतील ३८ अभ्यासांचा एक आढावा २०१७ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांतील वीस हजारांवर मातांमध्यें शेकडा २२ जणींना हें नैराश्य आढळलें. पांच बाळंतिणींत एक! तेव्हां पांच बाळंतपणें काढलेल्या सासूबाईंच्या पिढींतही तें असलेंच पाहिजे. फक्त त्याला नांव नव्हतें आणि तें सांगण्याची सोय नव्हती. रक्त कमी असणें, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि बिघडणें, यांनींही अशीच अवकळा येते; म्हणून रक्ततपासणी आधीं करावी. गोव्यांतील मातांच्या एका अभ्यासांत, २००२ सालीं, आणखी एक कारण पुढें आलें: मुलगा हवा असतां मुलगी झाली, तर आईच्या मनाला हा आजार होण्याचा संभव वाढतो. बाईंनीं सहा पानें लिहिलीं होतीं. पण बाळ मुलगा कीं मुलगी हें त्यांत कोठेंच नव्हतें. आम्हीं तें मुद्दाम विचारलें.

एकत्र कुटुंबांत माणूस एकटें पडत नाहीं, असें आम्हींच मागें या सदरांत लिहिलें होतें. तें विधान आज थोडें मागें घ्यावें लागतें. अकरा माणसांच्या घरांत पाणी मागितलें तर चौघे धांवतात, हें खरें. पण मनांतलें बोलावयास अकरांतील एकाचाही कान मोकळा नसतो. ऐकणें हें काम आहे, आणि तें शिकतां येतें. गोव्यांतच २०१४ ते २०१६ या काळांत नैराश्य असलेल्या २८० गर्भवतींवर एक प्रयोग झाला. गांवांतल्याच सामान्य स्त्रियांना शिकवून 'सखी' नेमलें. त्या बाळंतिणीकडे जात, ऐकून घेत, दिवसाचें एखादें लहानसें काम ठरवून देत, घरच्यांना हाताशीं धरीत. बाळ सहा महिन्यांचें झालें तेव्हां सखी लाभलेल्यांपैकीं शेकडा ७३ जणी बऱ्या होत्या, इतरांपैकीं ६०. फरक डोळे दिपविणारा नाहीं. पण या सख्या कांहीं डॉक्टर नव्हत्या. आपल्या विदर्भांत, अमरावती जिल्ह्याच्या ३० खेड्यांत, 'विश्राम' नांवाचें असेंच कार्य झालें. गांवकऱ्यांपैकींच माणसें घरोघर बोलूं लागलीं, तेव्हां नैराश्यासाठीं उपचार घेणारे शंभरांत चार होते ते दीड वर्षांत सत्तावीस झाले. दवाखाना दूर होता हें खरेंच. पण त्याहून दूर होता तो त्याविषयींचा उच्चार.

म्हणून बाईंना लिहिलें कीं तूर्त सखी आपणच. रात्रीचें एक पाजणें काढून ठेवलेल्या दुधावर आपण किंवा भाऊजींनीं निभावावें, म्हणजे तिला सलग पांच तास झोंप मिळेल. ही गोष्ट दहा काढ्यांहून मोठी. सकाळच्या उन्हांत तिच्यासह अंगणांत बसावें. "आनंदी राहा" हा उपदेश कोणीही करूं नये. आनंदी राहतां येत नाहीं हाच तर आजार. आणि तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा भंडाऱ्यास जिल्हा रुग्णालयांत दाखवावें. नागपूरचें मनोरुग्णालय १८६४ पासून आहे आणि त्याच्या नांवाची थट्टाही बहुधा तितकीच जुनी. परंतु या दुखण्याला बहुधा तेथवर जावें लागत नाहीं. अंगावर पाजतांना चालतील अशीं औषधें आहेत, तीं डॉक्टरांनींच ठरवावींत. १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेलि-मानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून मोफत आहे, व मराठींत बोलतां येतें. बाळंतीण असंबद्ध बोलूं लागली, नसलेले आवाज ऐकूं लागली, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. तें निराळें आणि तांतडीचें दुखणें आहे.

राहिलें वन्संचें लग्न. वहिनीच्या औषधांमुळें जें स्थळ परत जाईल, त्या घरांत उद्यां वन्संचेंही बाळंतपण व्हावयाचें आहे, एवढेंच आम्हीं लिहिलें. हें जरा कडक झालें, असें नंतर वाटलें. पण खोडलें नाहीं.

दिवाळीनंतर धाकटीचें स्वतःचें पत्र आलें. गोळ्या चालू आहेत. त्या उष्ण पडतात असें सासूबाई अजून म्हणतात, पण वेळ झाली कीं पाण्याचा पेला त्याच पुढें करितात. झोंप परत आली आहे. मधूनच एखादा दिवस वाईट जातो. धान कापणीच्या गर्दींतही थोरल्या जाऊबाई सकाळचीं दहा मिनिटें चुकवीत नाहींत. पत्राच्या अखेरीस बाळाचें नांव आहे, मुलीचें. खालीं कंसांत लिहिलें आहे कीं तें सासूबाईंनीं सुचविलें.