चित्रांची पोथी आणि मोठी माणसे

पुण्यातल्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानांत अलीकडे एक कपाट वेगळे दिसते. जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तके आणि आत पानोपान चित्रे: राक्षस, शापित राजपुत्र, ओसाड नगरे. इंग्रजीत त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, आपण चित्रकादंबरी म्हणू. घेणारे मात्र तिशी-चाळिशीतले नोकरदार असतात. मुळशीत घोटवडे फाट्याजवळ आमचे भरे गाव आहे. तिथे शेजारचा एक इंजिनिअर अशी पुस्तके जमवतो. त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, एवढा घोडा झाला आणि अजून चित्रं बघत बसतो. तुम्ही लिहिता ना, तुम्हीच सांगा त्याला." मी त्याला काही सांगितले नाही. दोन पुस्तके तेवढी वाचायला मागून आणली.

चित्रे मुलांसाठी आणि अक्षरे मोठ्यांसाठी, ही वाटणी आपल्याकडे फार जुनी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्या कागदांवर रंगवीत. अशा चित्रांच्या संचाला ते पोथीच म्हणत. रात्री देवळात दिव्याच्या उजेडात एकेक चित्र समोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची. समोर सारा गाव बसलेला असे. पोरे बहुधा झोपी जात असतील आणि जागी राहत असतील ती मोठी माणसेच. परशुराम गंगावणे यांनी ही कला जपली, घरच्या गोठ्यात तिचे संग्रहालय उभारले आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या आणि त्या चित्रांना लोककलेच्या कप्प्यात ठेवून मोकळे झालो. ती कथा सांगण्याची एक पुरी रीत होती, हे कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

भूक मात्र गेली नव्हती. 1964 मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही येत. मी बँकेत लागलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत वेताळाचा अंक लेजरखाली सरकवणारे सहकारी मी पाहिले आहेत. "मुलासाठी घेतलाय" हे उत्तर तयार असे. 1990 मध्ये ही मालिका बंद पडली. त्या दोन-अडीच दशकांत वाढलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत.

शेजारच्याकडून आणलेल्या पुस्तकांपैकी एक होते अमृता पाटील यांचे 'सौप्तिक'. या बाई गोव्यात वाढल्या, तिथल्याच कला महाविद्यालयात शिकल्या. 2012 चे 'आदिपर्व' आणि 2016 चे 'सौप्तिक' ही महाभारतावरची दोन्ही पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली आणि स्वतःच रंगवली. पहिल्यात कथा सांगते गंगा, दुसऱ्यात अश्वत्थामा. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आपल्याला आजीच्या तोंडून माहीत आहे. दहाव्या वर्षी त्याची भीती वाटायची. आता साठी उलटल्यावर, बरोबरीची माणसे एकेक करून गेलेली असताना, मरण न येण्यात शाप कसला असतो ते थोडे कळू लागले आहे. ती गोष्ट लहानपणी कळणे शक्यच नव्हते. अद्भुताची खरी गरज मोठ्या माणसालाच असते असे मला वाटते, कारण रोजच्या शब्दांत न बोलता येणारे त्याच्याकडे जास्त साठलेले असते.

आणि हे चित्रातच का? सिनेमा आपल्या वेगाने पुढे पळतो. पान थांबते. एका चौकटीतून दुसरीकडे जाताना मधल्या कोऱ्या पट्टीत जे घडते ते वाचणाऱ्याने आपल्या पदरचे घालायचे असते, आणि पदरी जितके अधिक तितके ते चित्र खोल जाते. फ्रान्समध्ये मोबियस या चित्रकाराने सत्तरच्या दशकात 'आर्झाक' ही कथा रंगवली, तीत संवाद नाहीत. एक माणूस प्रचंड पक्ष्यावर बसून निर्जन प्रदेशावरून जातो, बस. या प्रकारात उघडीवाघडी चित्रे आणि रक्तपात यांचाच धंदा करणारी पुस्तकेही भरपूर आहेत, हे घरोघरच्या वाचकांना सांगायला हवे. 'प्रौढांसाठी' या शब्दाने आपल्याकडे नाके मुरडली जातात ती त्यामुळेच. पण तसल्या कादंबऱ्या निघतात म्हणून कोणी कादंबरी वाचणे सोडत नाही.

अमृता पाटील यांनी ही पुस्तके लिहिली ती इंग्रजीत. मला खुपते ते इथे. मराठी प्रकाशकाचे गणित मी बँकवाल्याच्या नजरेने पाहतो. छोटी आवृत्ती, पानोपान रंगीत छपाई, चित्रकाराची वर्ष-दोन वर्षांची मेहनत. असा प्रस्ताव टेबलावर आला असता तर तारण काय, हे मीही विचारले असते. पण दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' काढला तेव्हा तरी कसले तारण होते? तिथे चित्रकारच अंकाचा मालक होता, म्हणून चित्राला जागा मागावी लागली नाही. आज अभिनव किंवा जे.जे.मधून बाहेर पडणारी मुले जाहिरातीत जातात, गेम्ससाठी परदेशी कंपन्यांचे राक्षस रंगवतात. त्यांच्यातल्या एकाला एखाद्या दिवाळी अंकाने एक फर्मा, म्हणजे सोळा पाने, मोकळी द्यावीत. विषय त्याचा, मजकूरही त्याचाच. संपादकांनी फक्त शुद्धलेखन पाहावे.