जुन्या फायली रुमालात बांधा
बहुतेक कार्यालयांच्या सामायिक सर्व्हरवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन 2’ अशा फायली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदत असतात. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या, तरी प्रत्येक पूर्ण बॅकअपमध्ये पुन्हा नक्कल होणाऱ्या. ‘डिस्क स्वस्त झाल्यात, राहू द्या की,’ हे म्हणणे फसवे आहे. डिस्क चोवीस तास वीज खाते. शिवाय फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर शिरले की जोडलेले सगळेच धोक्यात. म्हणून जुन्या फायली चुंबकीय टेपवर उतरवून ठेवाव्यात. कपाटातली टेप त्याच्या हाती लागत नाही. 2011 मध्ये सॉफ्टवेअरच्या चुकीने जीमेलच्या काही खात्यांतली पत्रे गायब झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. एलटीओ-9 या पिढीची तळहातावर मावणारी एक चुंबकीय टेप 18 टेराबाइट साठवते.

टेपवरून फाइल काढायला वेळ लागतो, हे मान्य. पण दहा वर्षांपूर्वीचे टेंडर कोणाला सेकंदात हवे असते? खरा आक्षेप वेगळाच: एलटीओ-9 चा ड्राइव्ह फक्त आपली आणि एक पिढी आधीची टेप वाचतो. म्हणजे काही वर्षांनी नक्कल नव्या टेपवर उतरवावी लागणार, आणि कुठल्या टेपवर काय आहे याची नोंदवही हवी. जुन्या दफ्तरांचेही तसेच: पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत. यादी नसेल तर त्यातला हवा तो कागद शोधणार कसा?