सहाव्या जागेचा धडा

आज 1 जुलै, डॉक्टर दिन. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही हाच. धुळ्या-साक्रीत आज डॉक्टरांना गुलाबाची फुले दिली जातील, सत्कार होतील, एखाद-दुसरे रक्तदान शिबिर होईल. ते व्हावेच. पण याच तारखेला, 2023 मध्ये, मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली होती. आदिवासी भागांतल्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार संपवायचा, असा तिचा संकल्प आहे. पिंपळनेरच्या वर, कुडाशीच्या बाजूला डोंगरात राहणाऱ्या भिल्ल, कोकणी, मावची कुटुंबांना डॉक्टर दिनापेक्षा या तारखेची ही दुसरी ओळख जास्त जवळची आहे.

सिकलसेल हा बारावीच्या जीवशास्त्रातला हुकमी प्रश्न. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलिन येते, हे वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारे साक्रीचे पोर झोपेतून उठवले तरी सांगेल. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50, हा चौकटीचा हिशोबही त्याला तोंडपाठ असतो. बरोबर उत्तराचे 4 गुण, चुकले तर एक वजा. मात्र थंडी पडली की सांधे धरून बसणारा, डोळ्यांत पिवळसर झाक असलेला, हजेरीपटावर 'सतत गैरहजर' म्हणून नोंदला गेलेला मुलगा त्याच्या मागच्याच बाकावर असू शकतो. त्याने पाणी भरपूर प्यावे, गारठ्यापासून जपावे, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये, दुखणे उठले तर घरी अंगारा-धुपारा करत न बसता दवाखाना गाठावा, हे त्याला कोणी सांगायचे? नीटच्या प्रश्नपत्रिकेत हे येत नाही, आणि जे येत नाही ते हल्ली शिकवले जात नाही.

यात पोरांचा दोष काही नाही. 180 प्रश्न, 720 गुण, देशभरातून 20 लाखांवर परीक्षार्थी आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. 'पोऱ्याले डाक्टर करानं शे' म्हणणारा बाप कांद्याच्या पैशातून क्लासची फी भरतो आणि दहावीचा निकाल लागला की मुलाला लातूर, नाशिक, नाहीतर थेट कोट्याला नेऊन सोडतो. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, बसणे दुसरीकडे. दोन वर्षे त्या मुलाचा संबंध फक्त मेस, टेस्ट सिरीज आणि रँक यांच्याशी. आयुष्यभर ज्यांच्यात वावरायचे ती आजारी माणसे त्या दोन वर्षांत त्याच्या दृष्टीलाही पडत नाहीत. लग्नाआधी मुलगी बघायला तरी जातात. या धंद्याला मात्र आपण पोरांना न बघताच बांधतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले याच वयात रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून जातात, डॉक्टरांच्या मागे दिवसभर उभी राहतात. तिथे प्रवेशाच्या अर्जात ते विचारले जाते, म्हणून तासांची वही ठेवली जाते. वही आली की तिच्यात भर घालण्याची धडपड आली, आणि सेवेचीही टेस्ट सिरीज होऊन बसते. आपल्याकडे सेवेला एकही गुण नाही. अनेकांना ही उणीव वाटते, आम्हाला ती सोय वाटते. ज्याचे गुण मिळत नाहीत त्याची कोणी बनावट प्रमाणपत्रे काढत नाही.

डॉक्टर होणाऱ्या मुलांना माणसांची ओळख करून देण्याचा विचार महाराष्ट्रात फार पूर्वी झाला होता. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. नीट येईपर्यंत तिथल्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर असे. तो पेपर गेला. पण नव्या मुलांनी आधी आश्रमात राहायचे, झाडलोट करायची, मग एका खेड्यात मुक्काम करून तिथली कुटुंबे समजून घ्यायची, ही रीत तिथे रुजली. आता देशभरच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात खेड्यातली कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला आहे. चांगलेच झाले. तक्रार इतकीच की हे सारे प्रवेश मिळाल्यावर घडते. निवड करून झाल्यावर ओळख करून देण्याला थोडा उशीरच म्हणायचे.

साक्रीच्या अकरावीतल्या मुलीला त्याआधी काय करता येईल? सुई टोचणे, गोळ्या देणे हे नव्हे. ते तिचे कामच नाही. पण गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताईंबरोबर तिला बाळंतिणीच्या घरी जाता येईल. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. झोळीचा काटा आढ्याला नाहीतर हाताला टांगते, बाळाला झोळीत ठेवते, काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाट बघते. अडीच किलोच्या खाली असेल तर आईला ऊब आणि दूध यांच्याबद्दल पुन्हा एकदा समजावते. मग कापड बाजूला सारून बाळाचे पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तरीही तेवढेच भरले तर दवाखान्याकडे पाठवते. घड्याळाकडे बघत ते एक मिनिट मोजणे किती लांब असते, हे पुस्तकातून कळत नाही.

ही घरभेटींची पद्धत गडचिरोलीतून आली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांच्यामुळे नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, हे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 मध्ये छापले आणि मग सरकारने ती वाट धरली. नीटच्या पुस्तकांखाली वाकलेल्या मुलीला हेही कळले पाहिजे की डॉक्टर नसलेल्या माणसांनी वैद्यकशास्त्र पुढे नेले आहे.

दुसरे काम दवाखान्यातल्या केस पेपरच्या खिडकीजवळचे. डोंगरातून आलेली म्हातारी अहिराणीत किंवा कोकणीत आपले दुखणे सांगत असते, आणि बाहेरच्या जिल्ह्यातून नव्याने आलेल्या डॉक्टरला त्यातले निम्मेच समजते. दुभाषी म्हणून उभे राहायला सोळा वर्षांचे पोर पुरते. कुठल्या खोलीत जायचे, रक्त कुठे द्यायचे, रिपोर्ट कधी मिळेल, एवढे सांगितले तरी एका माणसाची एसटीची एक फेरी आणि एका दिवसाची मजुरी वाचते.

इथे एक गोष्ट खडसावून सांगायला हवी. गरीब रुग्ण हा कोणाच्या शिक्षणाचे साहित्य नव्हे. त्याच्याबरोबर सेल्फी नको, स्टेटसला फोटो नको. सिकलसेलच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. अमक्याची मुलगी वाहक आहे एवढी कुजबुज गावात पसरली की तिचे लग्न मोडते. मूल आजारी निघायला दोष दोघांकडून यावा लागतो, हे त्या वेळी कोणी लक्षात घेत नाही. तपासणीची नोंदवही मुलांच्या हाती देऊ नये. तोंड बंद ठेवणे हा या शिक्षणाचा पहिला पाठ, आणि तो ज्याला जमत नाही त्याने दुसरा कुठलाही धंदा निवडावा.

पालक म्हणतील, 'बारावी होऊ दे, मग कर काय ती समाजसेवा.' महिन्यातले दोन रविवार गेल्याने रँक घसरेल ही भीती आम्हाला खरी वाटत नाही. पण रँक वाढेल असे खोटे आश्वासनही आम्ही देणार नाही. फायदा दुसरीकडे आहे. परीक्षेला बसणाऱ्यांतले बहुतेक डॉक्टर होणार नाहीत, हे वरच्या आकड्यांतच लिहिलेले आहे. दोन-तीन वेळा नीट देऊन थकलेल्या मुलाला बाकी सगळे रस्ते हरल्याचे वाटतात, कारण ते त्याने पाहिलेलेच नसतात. ज्याने प्रयोगशाळेत तंत्रज्ञाला सिकलसेलची विद्राव्यता चाचणी करताना पाहिले आहे, गढूळ झालेली नळी वेगळी काढून पुढच्या तपासणीला पाठवताना पाहिले आहे, त्याला त्या कामाची किंमत कळते. परिचारिका, औषधनिर्माता, फिजिओथेरपिस्ट यांचेही तसेच.

साक्री तालुक्यात गुणगौरव समारंभ असला की सामोड्याच्या डॉ. राजेंद्र भारूड यांचे नाव निघतेच. भिल्ल कुटुंबातला, जन्माआधीच वडील गमावलेला मुलगा अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात गेला, मुंबईच्या केईएममधून डॉक्टर झाला, पुढे आयएएस झाला. भाषणात एवढेच सांगून टाळ्या घेतात. आम्हाला त्यातला पुढचा भाग मोलाचा वाटतो. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना 2021 ची दुसरी लाट यायच्या आधीच त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभारायला घेतले होते. आजारी माणसाला काय लागते हे आधी ओळखण्याची सवय त्यांना त्या खुर्चीत बसून लागली नसावी.

कनिष्ठ महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. वर्षाला 120 तास आणि 7 दिवसांचे शिबिर ही तिची चौकट. हे तास पुष्कळदा मैदान झाडण्यात आणि रॅली काढण्यात जिरतात. राज्यभर ऑनलाइन झालेले अकरावीचे प्रवेश आता उरकत येतील. तेव्हा प्राचार्य, तालुका आरोग्य अधिकारी आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांनी एकदा समोरासमोर बसून ठरवावे: पश्चिम पट्ट्यातल्या कोणत्या गावांत सिकलसेलची तपासणी बाकी आहे, तिथे कोणत्या आशाताईंबरोबर कोणती मुले जातील, त्यांना प्रथमोपचार आणि गोपनीयता कोण शिकवील. थंडी सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे, कारण सांध्यांची दुखणी थंडी पडली की उठतात.